लांडगा, साप आणि त्यांची बहीण

आइसलँडचा कवी, पंडित आणि राजकारणी स्नोरी स्टुर्लुसन याने १२२०च्या सुमारास 'एड्डा' लिहिली. तरुण कवींना जुनी काव्यपरंपरा कळावी, जुन्या कवितांतले देवकथांचे संदर्भ उलगडावेत, म्हणून रचलेला हा शिकवणीचा ग्रंथ. पण त्यातला 'गिल्फागिनिंग' हा भाग वाचताना आपण पाठ्यपुस्तक वाचतोय याचा विसर पडतो. गिल्फी नावाचा राजा वेष पालटून येतो, सिंहासनांवर बसलेल्या तिघांना एकामागून एक प्रश्न विचारतो आणि त्या उत्तरांतून नॉर्स देवांचं सगळं विश्व उभं राहतं. तिथेच लोकीच्या संसाराची हकिगत येते. लोकी दिसायला देखणा, स्वभावाने कपटी. आंगर्बोदा नावाच्या राक्षसिणीपासून त्याला तीन अपत्यं झाली. पहिलं फेनरिर, म्हणजे लांडगा. दुसरं यॉर्मुनगांद, म्हणजे महासर्प. तिसरी हेल. ही तिघं राक्षसांच्या मुलखात लहानाची मोठी होताहेत, असा सुगावा देवांना लागतो.

त्या वाक्यात स्नोरी या तिघांना मिळून एक शब्द वापरतो: 'सिस्त्किन'. भावंडं. त्याच्या आधी 'थ्र्यू' हे संख्याविशेषण येतं. 'तीन', पण नपुंसकलिंगी अनेकवचनातलं. मराठीत सांगायचं तर 'तिघं भावंडं'. इथे मराठी वाचकाला काहीच अडत नाही, म्हणून तो पुढे सरकतो. थोडं थांबावं अशी ही जागा आहे, कारण या दोन शब्दांत नॉर्स व्याकरणाने एक बारीक आणि सुंदर काम करून ठेवलं आहे, आणि ते दिसण्यासाठी लागणारी नजर मराठी वाचकाकडे मुळातच आहे.

लांडगा पुल्लिंगी, साप पुल्लिंगी. ही दोनच असती तर स्नोरीने त्यांना 'भाऊ' म्हटलं असतं आणि संख्याविशेषणही पुल्लिंगी आलं असतं. पण तिसरी हेल आहे, बहीण आहे. ती आल्याबरोबर सगळ्या गटाचं लिंग बदलतं. दोन भावांच्या पुल्लिंगात बहिणीला सामावून घेण्याचा पर्याय नॉर्सला मंजूर नाही. ती त्या दोघांनाही त्यांच्या पुल्लिंगातून बाहेर काढते आणि तिघांना नव्या घरात नेते. ते घर नपुंसकलिंगाचं. मराठीतही हेच घडतं. दोन मुलगे 'दोघे', दोन मुली 'दोघी', मुलगा आणि मुलगी 'दोघं'. 'ते', 'त्या' आणि 'ती' अशी आपली तीन अनेकवचनं. नॉर्समध्ये 'थेइर', 'थैर' आणि 'थाउ'. 'तिघे, तिघी, तिघं' यांच्यासमोर तिकडे 'थ्रीर, थ्र्यार, थ्र्यू' उभे आहेत. हिंदीत हा खेळ मांडता येत नाही, कारण हिंदीला नपुंसकलिंगच नाही, फ्रेंचमध्येही नाही. तिथे शंभर बहिणींमध्ये एक भाऊ आला की सगळा घोळका पुल्लिंगी होतो.

आता शब्दाच्या आत शिरू. 'सिस्त्किन'मध्ये 'सिस्तिर' आहे, म्हणजे बहीण. ही बहीण आपल्या ओळखीची आहे. संस्कृतातला 'स्वसृ' आणि नॉर्समधला 'सिस्तिर' हे एकाच आद्य इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज. वाटेत दोन गोष्टी घडल्या. संस्कृतात 'स' आणि 'र' शेजारी आले तर जीभ कुरकुरली नाही. जर्मानिक भाषांच्या पूर्वजाने मात्र त्या दोघांमध्ये 'त' बसवून दिला. म्हणून तिकडच्या सगळ्या बहिणींच्या पोटात 'त' आढळतो. दुसरी गोष्ट अधिक गमतीची. 'स्व'मधला 'व' नॉर्समध्ये गळून पडला, पण जाताना शेजारच्या स्वराला ओठांचा गोल आकार देऊन गेला. जुन्या नॉर्समध्ये हा स्वर 'इ'सारखा, पण ओठ चंबूसारखे करून उच्चारला जाई. पुढे आइसलँडमध्ये ओठांचा तो गोलही सुटला आणि आज तो साधा 'इ' ऐकू येतो. लिहिताना मात्र अजून वेगळं अक्षर वापरतात. कधीच विरलेल्या त्या 'व'ची खूण आता फक्त शुद्धलेखनात उरली आहे.

शेवटचं 'किन' पाहून मात्र फसायला होतं. नॉर्समध्ये कुळ, वंश, जात अशा अर्थाचा 'किन' असा स्वतंत्र शब्द आहे, इंग्रजीतही त्याचा सख्खा नातलग आहे. त्यामुळे 'बहिणीचं कुळ' अशी फोड करण्याचा मोह होतो. पण ते 'किन' हे नव्हे. हा एक प्रत्यय आहे, मुळात 'गिन'. 'त'च्या शेजारी आल्यामुळे त्यातला 'ग' कडक होऊन 'क' झाला. आणि या प्रत्ययाचं खरं वैभव पाहायचं तर त्याची बाकीची भावंडं पाहायला हवीत.

बाप आणि मुलगा (किंवा मुलगे) मिळून 'फेद्गार'. आई आणि मुलगी (किंवा मुली) मिळून 'मैद्गुर'. आई आणि मुलगा मिळून 'मैद्गिन'. बाप आणि मुलगी मिळून 'फेद्गिन'. चार नाती, चार शब्द. प्रत्यय एकच, फक्त लिंग बदलतं. दोन्ही पुरुष असले की शेवट 'गार', पुल्लिंगी अनेकवचन. दोन्ही स्त्रिया असल्या की 'गुर', स्त्रीलिंगी अनेकवचन. एक पुरुष आणि एक स्त्री असली की 'गिन', नपुंसकलिंगी अनेकवचन. मुळातले शब्द 'फादिर' आणि 'मोदिर', पिता आणि माता. त्यांच्या स्वरांत झालेला बदल, 'फा'चा 'फे' आणि 'मो'चा 'मै', हीदेखील एका लुप्त स्वराची करामत. प्रत्ययात पूर्वी 'इ' होता. त्याने मागच्या स्वराला आपल्याकडे ओढलं आणि स्वतः नाहीसा झाला.

मराठी वाचक इथे हसेल, कारण आपल्याकडे 'बापलेक', 'मायलेकी' आणि 'मायलेक' हे तितकेच घट्ट जोडलेले शब्द आहेत. "मायलेकी बाजारात गेल्यात" म्हटलं की दोन स्त्रिया, त्यांचं नातं आणि त्यांचं एकत्र असणं एका दमात सांगून होतं. फरक इतकाच की मराठीने दोन शब्दांचा समास केला, तर नॉर्सने एकच शब्द घेऊन त्याला प्रत्यय लावला. त्यामुळे 'फेद्गार'मध्ये मुलगा शब्दाने कुठेच नाही. आहे तो बाप, आणि अनेकवचन. बापाचं अनेकवचन करावं आणि त्यातून मुलगा निघावा, ही या शब्दाची खुबी. 'मैद्गुर'मध्येही तसंच, आई आहे आणि तिचं अनेकपण आहे, मुलगी त्या अनेकपणात राहते.

याच चालीवर 'सिस्त्किन' पाहिला की त्याचा रस खरा कळतो. त्यात बहीण आहे, आणि ती नपुंसकलिंगी अनेकवचनात आहे. भाऊ शब्दाने कुठेच नाही. तो फक्त लिंगातून सुचवला जातो. नपुंसक आहे म्हणजे बहिणीबरोबर कुणीतरी पुरुष असणारच, आणि बहिणीबरोबरचा घरचा पुरुष म्हणजे भाऊ. म्हणजे या शब्दात बहीण शब्दाने येते आणि भाऊ व्याकरणाने.

शेजारच्या जर्मनमध्येही भावंडांसाठीचा शब्द बहिणीवरूनच घडला आहे. फिनलंडची भाषा तर वेगळ्या कुळातली, तरी तिने बहिणीसाठीचा 'सिसार' हा शब्द बाल्टिक भाषांकडून घेतला आणि त्यावरून भावंडांसाठी 'सिसारुक्सेत' घडवला. उत्तरेच्या या पट्ट्यात भावंडांचा समूह बहिणीच्या नावाने ओळखला जातो. आपल्या 'भावंडां'त मात्र भाऊ उघड दिसतो. संस्कृतात तर पाणिनीने एकशेष प्रकरणात नियमच घालून दिला आहे की भाऊ आणि बहीण एकत्र आले तर 'भ्रातृ'चंच द्विवचन उरावं. 'भ्रातरौ' म्हणजे दोन भाऊ, आणि भाऊ-बहीणही. मुलगा-मुलगी एकत्र आली तर 'पुत्रौ'. तिथे बहीण आणि मुलगी शब्दातून जातात, अर्थापुरत्या उरतात. स्नोरीच्या भाषेत नेमकी उलट व्यवस्था. म्हणूनच मराठीची आणि नॉर्सची नपुंसकलिंगाची ही सवय सारखी असली, तरी ती संस्कृताच्या वाटेने आलेली एकच थेट वारसाहक्काची वस्तू आहे असं म्हणता येत नाही. संस्कृताचा कौल इथे पुल्लिंगाच्या बाजूने आहे.

जर्मानिक भाषांत ही सवय किती खोल गेलेली होती, हे गॉथिक बायबलात दिसतं. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने ग्रीकमधून गॉथिकमध्ये भाषांतर केलं आणि बहुतेक ठिकाणी तो मूळ ग्रीकच्या पावलावर पाऊल ठेवून चालतो. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला जखऱ्या आणि अलिशिबा या वृद्ध दांपत्याचं वर्णन येतं तिथे तो ग्रीकला सोडतो. ग्रीकमध्ये त्या दोघांसाठी पुल्लिंगी विशेषणं आहेत. गॉथिकमध्ये ती नपुंसकलिंगी झाली आहेत. धर्मग्रंथाचं भाषांतर असूनही वुल्फिलाच्या मातृभाषेने नवरा-बायकोला पुल्लिंगी म्हणायला नकार दिला. या सवयीच्या उगमाबद्दल भाषाशास्त्रात एक मत असं मांडलं जातं की आद्य जर्मानिकमध्ये जुन्या पुल्लिंगी द्विवचनाचा प्रत्यय आणि नपुंसकलिंगी अनेकवचनाचा प्रत्यय झिजून एकसारखेच ऐकू येऊ लागले. दोघांची जोडी सांगणारं रूप कानाला नपुंसक वाटू लागलं आणि लोकांनी ते तसंच पुढे चालवलं. हे मत मान्य केलं तर एका अपघाती ध्वनिसाम्यातून ही उदार रीत जन्माला आली असं म्हणावं लागेल.

आता पुन्हा लोकीच्या मुलांकडे. स्नोरीच्या गद्याची एक शिस्त इथे लक्षात येते. मुलं वाढत असताना, एकत्र असताना, ती 'सिस्त्किन' आहेत. देवांनी भविष्यवाण्या तपासल्या, या भावंडांपासून मोठा अनर्थ होणार असं कळलं, आणि त्यांचा आईकडचा वारसा वाईट आणि बापाकडचा त्याहून वाईट, असा हिशोबही त्यांनी मांडला. मग देवांचा प्रमुख ओदिन याने त्यांना पकडून आणवलं. सापाला त्याने सगळ्या भूमीभोवती पसरलेल्या समुद्रात भिरकावलं. तिथे तो इतका वाढला की स्वतःची शेपटी तोंडात धरून साऱ्या जगाला वेढून राहिला. हेलला निफ्लहाइम या पाताळात ढकलून रोगाने आणि वार्धक्याने मेलेल्यांची मालकीण केलं. लांडग्याला देवांनी आपल्यापाशी ठेवलं, पण त्याला खायला घालण्याचं धाडस फक्त त्यूर या देवाने दाखवलं, आणि पुढे लांडग्याला बेडी घालताना त्यूरचाच हात त्याच्या जबड्यात गेला. इथून पुढे प्रत्येकाची वेगळी कथा, प्रत्येकाचं वेगळं सर्वनाम. 'तो' साप, 'ती' हेल, 'तो' लांडगा. देवांनी कुटुंब मोडलं आणि त्याबरोबर नपुंसकलिंगही मोडलं.

शेवटच्या युद्धात, राग्नारोकमध्ये, लांडगा आणि साप खांद्याला खांदा लावून चालून येतात आणि हेलची माणसं लोकीबरोबर येतात. भावंडांचा हिशोब तिथे चुकता होतो. त्या युद्धाचं भाकीत करणाऱ्या 'व्होल्युस्पा' या जुन्या कवितेत जगाच्या अंताची लक्षणं सांगताना भाऊ भावाला मारेल याबरोबरच बहिणींची मुलंही नातं मोडतील असं म्हटलं आहे. त्यांच्यासाठी कवितेने 'सिस्त्रुंगार' हा खास शब्द वापरला आहे. मावसभावंडांसाठी वेगळा शब्द असलेल्या समाजालाच त्यांनी एकमेकांवर उठणं हे जगबुडीचं लक्षण वाटू शकतं.

आणि त्या समाजाला इतक्या बारीक शब्दांची गरजही होती. मध्ययुगीन आइसलँडच्या 'ग्रागास' या कायद्यात कुणी कुणाला ठार केलं तर कोणत्या नातलगाने किती भरपाई द्यायची आणि कोणत्या नातलगाने ती घ्यायची, याचा नात्यांच्या पायऱ्यांनुसार सविस्तर हिशोब आहे. जवळचा-लांबचा, बापाकडचा-आईकडचा हा भेद तिथे पैशात मोजला जाई. आइसलँडच्या भाषेत आजही सख्ख्या आणि सावत्र भावंडांसाठी वेगळे शब्द आहेत, आणि सावत्र असतील तर बाप एक की आई एक हे सांगणारी वेगळी विशेषणंही आहेत. दुसऱ्या पिढीत तर मराठी माणसाला आपल्याच घरात आल्यासारखं वाटावं. दोन भावांची मुलं 'ब्राय्द्राबर्न', म्हणजे आपली चुलत भावंडं. दोन बहिणींची मुलं 'सिस्त्राबर्न', म्हणजे मावस भावंडं. आणि एका भावाची व एका बहिणीची मुलं? 'सिस्त्किनाबर्न'. भावंडांची मुलं, म्हणजे नेमकी आपली आते-मामे भावंडं. 'सिस्त्किन' म्हणजे मिश्र जोडी हा अर्थ तिथेही पक्का राहतो.

नॉर्डिक भाषांतल्या काही घरी मात्र या शब्दाचे दिवस बदलले. स्वीडिशमध्ये तो 'स्यूस्कोन' झाला, नॉर्वेजियनमध्ये 'सोस्केन', डॅनिशमध्ये 'सोस्केने'. डॅनिशमधला शेवट लिहिताना वर्तमानकाळी धातुसाधितासारखा दिसतो. तो मूळचा नाही, मागाहून इतर शब्दांच्या संगतीने चिकटलेला आहे. स्वीडिश आणि डॅनिशमध्ये पुल्लिंग व स्त्रीलिंग एकमेकांत मिसळून एक 'सामान्य' लिंग झालं. अनेकवचनी सर्वनामांतला भेद तर नॉर्वेजियनसकट तिन्हीकडे संपला. 'ते', 'त्या' आणि 'ती' यांचं एकच रूप उरलं. त्यामुळे 'स्यूस्कोन' स्वीडिशमध्ये अजून नपुंसकलिंगी आहे खरा, पण त्या नपुंसकपणाला आता काही सांगायचं नाही. जुन्या स्वीडिशमध्ये 'फेद्गार'च्या जातीचे शब्द होते. आज स्वीडिश माणसाला 'बाप आणि मुलगा' असं सुटं सुटंच म्हणावं लागतं. एकेका भावंडासाठी एकवचन मात्र तिथे सहज चालतं: एक 'स्यूस्कोन', दोन 'स्यूस्कोन'. घटस्फोट आणि पुनर्विवाहानंतरच्या कुटुंबांत सावत्र भावंडांना 'बोनस भावंडं' म्हणण्याची पद्धतही तिथे रुळली आहे.

स्वीडिशने नात्यांचा बारकावा सगळा सोडला असं मात्र नाही. आजी तिथे दोन आहेत: आईची आई 'मुरमुर' आणि बापाची आई 'फारमुर'. आईच्या बहिणीला 'मुस्तेर' म्हणतात. हा शब्द 'मुर' आणि 'स्यूस्तेर', आई आणि बहीण, यांचा झिजलेला समास. आपली 'मावशी'ही 'मातृष्वसृ'पासून प्राकृतातून झिजत आलेली. म्हणजे मावशी आणि मुस्तेर या दोघींच्या नावांत एकच आई आणि एकच बहीण दडून बसली आहे, आणि दोन्हीकडे बहिणीचा भाग इतका झिजलाय की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. बापाची बहीण तिथे 'फास्तेर'. मराठीने तिच्यासाठी 'आत्या' हा वेगळाच शब्द घेतला.

आइसलँडने मात्र सगळं सांभाळलं. तिथे तिन्ही लिंगांची अनेकवचनं आजही वेगळी आहेत आणि चारपर्यंतचे आकडे लिंगाप्रमाणे बदलतात. भावंडं मोजताना 'तीन'चं नपुंसकलिंगी रूपच येतं. शिवाय गट मोजण्यासाठी वेगळी संख्याविशेषणं आहेत. नवरा-बायकोच्या जोडीला 'ह्योन' म्हणतात, हाही नपुंसकलिंगी अनेकवचनी शब्द. दोन जोडपी सांगायची तर नेहमीचा 'दोन' चालत नाही, 'त्व्हेन' लागतो. त्याचा अर्थ दोन संच. त्यामुळे तीन 'फेद्गार' म्हणजे एक बाप आणि दोन मुलगे, पण बापलेकांच्या दोन जोड्या असतील तर आकडाच वेगळा येतो. दोन बाप आणि दोन मुलगे मासे पकडायला गेले, तीनच मासे मिळाले, तरी प्रत्येकाला एक आला, हे कोडं आपण लहानपणी ऐकलेलं असतं. माणसं मोजायची की जोड्या, हा त्या कोड्यातला गोंधळ आइसलँडच्या व्याकरणाने आधीच सोडवून ठेवला आहे.

या व्यवस्थेचं सामाजिक अंगही आहे. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं. बापाच्या किंवा आईच्या नावाला 'सोन' किंवा 'दोत्तिर' लावतात. त्यामुळे एकाच घरातल्या भावाचं आणि बहिणीचं उपनाव वेगळं असतं. कागदावर त्यांना एकत्र बांधणारा समान शब्द नसतो. नावं जे वेगळं करतात ते 'सिस्त्किन' हा शब्द जुळवतो. आजच्या भाषेत 'सिस्त्किन'बरोबर 'सिस्त्किनी' हे रूपही वापरतात आणि ते एकवचनातही चालतं.

या एकवचनाला अलीकडे नवं महत्त्व आलं आहे. २०१९ साली आइसलँडच्या संसदेने लिंगओळखीविषयीचा कायदा केला. स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी काहीच न म्हणणाऱ्यांची नोंद तटस्थ म्हणून करण्याची सोय त्यात आहे आणि अशा व्यक्तींना 'सोन' किंवा 'दोत्तिर'ऐवजी 'बुर' लावता येतं. अशा भावंडासाठी शब्द शोधत बसावं लागलं नाही. 'सिस्त्किनी' तयारच होता. मोठा वाद पेटला तो 'सगळे' या शब्दावरून. आइसलँडमध्ये समोर स्त्री-पुरुष दोन्ही असतील तर स्वागत नपुंसकलिंगातच होतं. 'व्हेरिद व्हेल्कोमिन' या रोजच्या अभिवादनातलं विशेषण नपुंसकलिंगी अनेकवचन आहे. पण कोण कोण आहे हे ठाऊक नसतं, 'जो कोणी असेल तो' अशा अर्थाने बोलायचं असतं, तेव्हा परंपरेने पुल्लिंगी 'आत्लिर' वापरतात. तिथेही नपुंसकलिंगी 'ओत्ल' म्हणावं, असा आग्रह गेल्या काही वर्षांत वाढला आहे. राष्ट्रीय प्रसारण संस्थेच्या निवेदनांत ही भाषा ऐकू येऊ लागली तशी त्यावर कडाक्याची चर्चा झाली. विरोधकांच्या मते व्याकरणातलं लिंग आणि माणसाचं लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि 'आत्लिर'मध्ये सगळे आधीपासूनच आहेत. समर्थकांना 'आत्लिर'मधला पुरुष ऐकू येतो. आपणही 'सगळे या' म्हणतो आणि ओळखीची माणसं आल्यावर 'सगळी आली' म्हणतो. म्हणजे तिथल्या वादाची दोन्ही टोकं आपल्या बोलण्यात आधीच आहेत. भांडण तेवढं अजून पेटलेलं नाही.

या शब्दाच्या काही मर्यादाही सांगायला हव्यात. 'सिस्त्किन' थोरला-धाकटा सांगत नाही. 'दादा' आणि 'ताई' म्हणताना मराठीत जो मान आणि जिव्हाळा आपोआप येतो, तो त्यात नाही. आणि लोकीसारखा इसम आला तर ही टापटीप व्यवस्था गडबडते. स्नोरीनेच सांगितलेल्या दुसऱ्या एका कथेत लोकी घोडीचं रूप घेतो आणि त्याच्या पोटी स्लाइप्निर हा आठ पायांचा घोडा जन्मतो. लोकी त्याची आई. मग या दोघांना 'मैद्गिन' म्हणायचं की 'फेद्गार'? व्याकरणाने त्याबद्दल मौन पाळलेलं बरं. जुन्या भाषेत 'फेद्गिन' हा शब्द 'आईवडील' या अर्थानेही येतो. बाप-मुलगी हा आजचा नेमका अर्थ पुढे पक्का झाला. म्हणजे या चौकटी सुरुवातीपासून इतक्या बंदिस्त नव्हत्या. त्यांत कायम होतं ते एकच: स्त्री आणि पुरुष एकत्र आले की नपुंसकलिंग.

गंमत अशी की व्याकरणकारांनी या लिंगाला जे नाव दिलं ते त्याच्या कामाच्या नेमकं विरुद्ध आहे. आपण त्याला 'नपुंसक' म्हणतो, म्हणजे ज्यात पुरुषत्व नाही ते. आइसलँडमध्ये त्याला 'क्वोरुग्किन' म्हणतात, म्हणजे 'दोहोंपैकी कोणतंच नाही असं लिंग'. दोन्ही नावं अभावाची. पण स्नोरीच्या वाक्यात, 'तिघं भावंडं' या आपल्या बोलण्यात, 'मूल' आणि त्याच अर्थाच्या नॉर्स 'बार्न' या नपुंसकलिंगी शब्दांत, हे लिंग दोघांनाही धरून आहे. निर्जीव वस्तूंच्या शेजारी त्याला बसवणाऱ्यांनी त्याचं अर्धंच काम पाहिलं. उरलेलं अर्धं काम माणसं एकत्र आल्यावर सुरू होतं. ते पाहायचं तर व्याकरणाच्या कोष्टकातून उठून लोकीच्या घरात जावं लागतं: तिथे एका राक्षसिणीची तीन भयंकर मुलं वाढताहेत, त्यात एक मुलगी आहे, आणि तेवढ्या कारणाने भाषेने लांडग्याला आणि सापालाही आपलं पुल्लिंग बाजूला ठेवायला लावलं आहे.